डावीकडे पळणारा पट्टा

आमची कातड्याची बोट समुद्रावरच्या बर्फाच्या कडेला, म्हणजे व्हेल येतात त्या पाण्यापर्यंत, दरवर्षी माझा नवरा त्याच्या स्नोमशीनने, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीने, ओढायचा. तो गेल्यावर या एप्रिलमध्ये बोट मीच ओढणार, असं मी सांगून टाकलं. व्हेलच्या शिकारीला जाणाऱ्या आमच्या टोळीचा कप्तान माझा धाकटा दीर, एबेन. तो हसला.

"वहिनी, तुम्ही तंबूत या. स्वयंपाकाला माणूस लागतंच."

"तुमचे हात काय मोडलेत, भावजी?"

"मशीन सरळ चालली तर खुशाल ओढा. खालचा रबरी पट्टा डावीकडे घासतोय तिचा. वाटेत फाटला तर टोळी तिथेच अडकेल."

हे मात्र खरं होतं, म्हणून आणखी चीड आली.

दुपारी आम्ही मशीनचा मागचा भाग स्टँडवर उचलून इंजिन चालू केलं. पट्टा फिरत फिरत डावीकडे जाई आणि आतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीला घासून जळका वास सुटे. डावीकडे पळतो म्हणजे उजवीकडून ओढा, हे एबेनचं शास्त्र. त्याने मागचा आस सैल करून पट्टा ताणणारा उजवा बोल्ट आवळला. पट्टा आणखीच डावीकडे गेला. त्याने परत आवळला आणि वास वाढला.

"म्हातारी झाली मशीन," म्हणत त्याने पाना खाली टाकला.

आमच्याकडे नवरा मशीनखाली शिरला की बायकोने बॅटरी धरून उभं राहायचं. सव्वीस वर्षं मी बॅटरी धरली. काम करणाऱ्याला एकच बोल्ट दिसतो, उजेड धरणारीला सगळं दिसतं. मी इंजिन बंद केलं आणि पाना उचलला.

"आता तुम्ही शिकवणार?"

"मी कशाला? तुमचा भाऊ शिकवून गेलाय. पट्टा सैल बाजूला पळतो. जिकडे पळेल, तीच बाजू आवळायची."

त्याने उजव्या बोल्टला दिलेले फेरे मी उलटे फिरवून काढले. डावा बोल्ट पाव फेरा आवळला, इंजिन चालवलं, बंद केलं, हाताचं बोट घालून पट्टा आणि पट्टीमधली फट पाहिली. पुन्हा पाव फेरा. तिसऱ्या वेळी दोन्हीकडे बोट सारखंच आत गेलं. मागचा आस घट्ट केला, गावाला एक चक्कर मारली आणि परत मोजलं. फट तेवढीच होती. मला मोठ्याने हसू आलं, आणि मी हसले.

दुसऱ्या दिवशी बोट मागे बांधून निघालो. बर्फाच्या मोठ्या उंचवट्यावर, जिथे तिरकी चालणारी मशीन बोटीला आडवी पाडते, तिथे सगळे श्वास रोखून उभे राहिले. मशीन नाकासमोर चढली आणि तशीच उतरली. पलीकडे काळं पाणी दिसलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं नाही, पण ऊर भरून आला होता.

कडेला तंबू लागला. मी सवयीने केटली उचलली. एबेनने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"बसा, वहिनी. बोट ओढणाऱ्याने चहा करायचा नसतो."

मी ऐसपैस बसले आणि त्याला म्हटलं, साखर जरा जास्त घाला.