साचेखाते

पोयसर नदीकाठच्या त्या जुन्या कापड गिरणीचे अवशेष आता नीट राखून ठेवलेत. पडक्या भिंतींना टेकू दिलेत, दारात तिकीटघर आहे, आणि या रविवारी येणाऱ्यांना सगळं फिरवून दाखवायचं काम गंधालीला मिळालं होतं. नववीतल्या गंधालीला! माइक हातात आल्यापासून तिने तो एकदाही खाली ठेवला नव्हता.

घोळ झाला मधल्या शेडमध्ये. भिंतीवर जुनी, पुसट अक्षरं होती, 'साचेखाते'. खाली नवी कोरी पाटी: 'येथे यंत्रांच्या सुट्या भागांचे साचे ओतले जात.'

"मॅडम, वाट लागली! हे चुकलंय," गंधाली म्हणाली. "गिरणीत साचा म्हणजे कापड विणायचा माग. माझे आजोबा लालबागला साचेवाले होते. आमच्या घरी माग कुणी म्हणतच नाही."

तिथली व्यवस्था बघणाऱ्या उत्तरा मॅडम हसल्या. "अगं, साचा म्हणजे साचा. गणपतीच्या मूर्तीचा असतो ना, तसा."

"मग भट्टी कुठाय? भिंतीला काजळी पण नाही. आणि फरशीतली ही भोकं बघा ना, कशी रांगेत आहेत. साचे बोल्टने आवळायची."

मॅडमनी वाकून बघितलं. "असेलही. मी विचारून घेते. पण आज पाटीवर आहे तेच बोलायचं. जमत नसेल तर आकाश बोलेल."

आकाश तिच्याच वर्गातला. त्याने लगेच हात पुढे केला. "दे माइक, साचेवाली!"

"गप रे, माकडा."

तेवढ्यात लोक आले. गंधालीने माइक तोंडाशी धरला. पाटी मुकाट वाचली असती तर माइक तिच्याकडेच राहिला असता. तिने ती वाचली, अगदी स्पष्ट. मग म्हणाली, "असं इथे लिहिलंय, आणि ते चूक आहे." आणि जे खरं होतं ते सांगून मोकळी झाली.

मॅडमनी न ओरडता माइक काढून घेतला आणि आकाशला दिला. गंधालीचे डोळे चुरचुरले. पण ती तिथून हलली नाही.

दुसरा घोळका आला. आकाशने पाटी घडाघडा वाचली. एका काकूंनी वर बघितलं. "ओतकामाला छपरात एवढ्या काचा कशाला रे?"

आकाशने छपराकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, मान खाजवली. "ते... ती सांगेल."

"विणताना धागा तुटला तर दिसायला नको, काकू?" गंधाली माइकशिवायच ओरडली. "म्हणून एवढा उजेड! या, इकडे या, साचे कसे उभे होते ते दाखवते!"

अख्खा घोळका तिच्या मागे वळला. माइक धरून आकाशसुद्धा.

मॅडम मात्र छपराकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी फोन लावला. "अहो, ती साचेखात्याची पाटी... बदलावी लागेल बहुतेक."

"बहुतेक नाही, मॅडम," गंधाली तिकडूनच म्हणाली. "नक्की!"