मानाचं अक्षर

माझ्या नातीचं, दिपमालाचं, पहिलं बाळंतपण भुसावळला झालं त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे २०१९. मी तेव्हा जळगावला पिंप्राळ्यात बायकांच्या एका घरात स्वयंपाकाला होते. दवाखान्यात दारू सुटली तरी बाई लगेच घरी गेली की पुन्हा पिते, म्हणून मधले सहा महिने तिला तिथे ठेवायचे. काम, औषध, रोजची बैठक.

भिकुबाई चोपड्याकडची. पाच महिने झाले होते, एक थेंब नाही. तिच्या मुलाचं, कुंदनचं, मे महिन्यात लग्न ठरलं होतं. ते आटोपलं की तो न्यायला येईल, या एका गोष्टीवर तिचे दिवस निघत होते.

तिचा भाऊ छगन केळीच्या गाडीवर ड्रायव्हर. जाता जाता त्याने पत्रिका आणून दिली आणि चहासुद्धा न घेता गेला.

"अक्का, वाच ना. मनं नाव कोठे शे?"

मी वाचायला उशिरा शिकले. बोट ठेवून ठेवून वाचलं. "चि. कुंदन. कै. भिकुबाई व श्री. मगन यांचे सुपुत्र."

"कै काय शे?"

"श्री.सारखंच. मानाचं असेल."

ती खूश झाली. दुपारी भांडी घासताना नाजमीनला म्हणाली, "ए पोरी, कै भिकुबाई म्हन मले."

नाजमीन पंचविशीची, कॉलेजपर्यंत शिकलेली, तीही उपचारालाच आलेली. तिने पत्रिका पाहिली आणि तशीच उचलून घराचं सगळं बघणाऱ्या तबस्सुम मॅडमकडे नेली. मॅडमनी मला आत बोलावलं.

"अक्का, कै. म्हणजे कैलासवासी. मुलीकडच्यांना त्यांनी आई वारली असं सांगितलंय."

मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा तिला."

"मानाचं कोण म्हणालं? तुम्हीच सांगा. खोटं सांभाळून इथे कुणाची दारू सुटत नाही."

दोन दिवस मी टाळलं. भाजीत दोनदा मीठ घातलं. तिसऱ्या दिवशी भिकुबाई लग्नात नेसायचं लुगडं वाळत घालत होती, तेव्हा तिथेच उभ्याने सांगितलं. तिने लुगड्याच्या सुरकुत्या काढल्या, चिमटा लावला आणि म्हणाली, "फोन लाव त्याले."

कुंदन आधी म्हणाला, छापणाऱ्याची चूक. मग रडायला लागला. "लगीन लागू दे माय, मंग मी सांगसू त्यासले."

"काय सांगशी? माय मसानमाईन उठी वनी?"

"माय, दोनच दिन."

"मंग दोन दिन मी मरेल राहू का रे?"

तिनेच फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी ती पहाटे उठली. ओटा तीनदा धुतला. फाटकापर्यंत जायची, परत यायची. सव्वाबाराला वहीत सही मारून बाहेर पडली. मी पिशवी घेऊन मागे. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. देशी दारूच्या दुकानासमोर ती थांबली.

"तू काबरं वनी?"

"कोथिंबीर घ्यायची होती."

"कोथिंबीर तिकडे शे."

मी हलले नाही. तीही हलली नाही. पदराला बांधलेले पैसे तिने सोडले, पुन्हा बांधले.

"कितला वाजनात?"

"बारा चाळीस. मुहूर्त होऊन गेला गं. चल घरी."

"आपलाकडे बारा पस्तीसनं लगीन दोनले लागस," ती म्हणाली. "दोनलोंग थांबनं पडी."

मग आम्ही दोनपर्यंत फिरत राहिलो. बाजाराच्या टोकापर्यंत जायचं, पुन्हा त्याच दुकानासमोर यायचं. एकदा ती रस्ता ओलांडायला निघाली. मी दंड धरला तर हिसडा मारून म्हणाली, "धरू नको. बोल मनासंगे." काय बोलू? मी दिपमालाच्या बाळाचं सांगत सुटले. रात्रभर रडतं, नाक आजोबांवर गेलंय. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. नवऱ्या मुलाची आई अक्षतांच्या वेळी कुठे उभी असते, असं तिने मधेच विचारलं. मी म्हटलं, मुलाच्या मागे.

दोन वाजून गेल्यावर ती रसवंतीत बसली आणि उसाचा रस लागोपाठ तीन ग्लास प्यायली. बाहेर येऊन सगळा ओकली. मी पाठ चोळली. "लगीन लागी गयं," म्हणाली आणि माझ्या पुढे घराकडे चालू लागली.

कुंदन न्यायला आला तेव्हा ती गेली नाही. पिंप्राळ्यातच एक खोली भाड्याने घेऊन मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. मधे एकदा घसरली, आठ दिवस पीत होती. नवव्या दिवशी तबस्सुम मॅडमच्या दारात येऊन बसली. पुढे सुनेला कुठून तरी कळलं, तेव्हा ती एकटीच एस.टी.ने आली. "मला सासू आहे हे मला गावच्या बायकांनी सांगायचं?" असं कुंदनला फोनवर ओरडत होती. त्यानंतर दर महिन्याला यायची.

लिव्हर आधीच गेलेलं होतं. भिकुबाई मगन पाटील ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, शुक्रवारी, सकाळी सव्वाअकराला जळगावात वारली. सून जवळ होती.