बॉयलर फुटू द्या

कल्पना करा, मुलांनो: एक अख्खं शहर वाफेवर चालतंय. घड्याळं, ट्रामगाड्या, आकाशात तरंगणारी जहाजं. जिकडे बघावं तिकडे पितळ आणि दातेरी चाकं. पण शहराचा बॉयलर थंड पडलाय आणि तो पेटवायला तुम्हालाच बोलावलंय. असा गेम कोणी अर्धवट टाकेल का?

धुडकू नावाच्या पोरानं चार मिनिटांत टाकला.

"पुनीतभाऊ, यामा बंदूक कोठे शे?"

"बंदूक नही शे रे! आधी पानी भर, मंग कोयसा टाक. वाफ चढनी का डावं चाक फिरव, मंग दार उघडस, आन त्या दारना मांगे..."

"तुम्हीच खेयी ल्या मंग," म्हणत धुडकू गाड्या पळवायच्या गेमवर जाऊन बसला.

पुनीतनं कपाळावर हात मारला. नंदुरबारच्या स्टेशन रस्त्यावरच्या आपल्या गेम पार्लरमध्ये अकरा वर्षं तो पोरांना हेच समजावत होता. अशा वाफेवर चालणाऱ्या जगांच्या गेमना स्टीमपंक म्हणतात. फारसे कुणाला ठाऊक नसलेले असे सात गेम त्यानं कुठून कुठून शोधून आणले होते. इंग्रजी कळत नाही म्हणता? प्रत्येक गेमची मराठी वही लिहून काढली. तरी पोरं आपली ठो-ठोलाच चिकटलेली. आणि उद्यापासून पार्लर बंद होऊन इथं मोबाइलची कव्हरं लटकणार होती. त्यासाठी त्याचे वडील छगनलाल टेप घेऊन भिंत मोजत होते.

"बेटा, अकरा वरीसमा एक तरी पोऱ्यानी तुन्हं शहर चालू करं का?"

"आज कोनी तरी करी, बाबूजी."

"करी, करी. तू टेप धर."

पार्लरच्या संगणकावर वसतिगृहाचा ऑनलाइन फॉर्म भरायला धडगावकडून उदेसिंग आपल्या मुलीला, आशाला, घेऊन आला होता. सर्व्हर बंद होता. धुडकूनं सोडलेल्या पडद्यासमोर ती केव्हाची उभी होती.

"काका, हे काय आहे?"

पुनीतनं टेप सोडून दिली. "बस, बस! आधी पाणी..."

बॉयलर फुटला.

"अगं, सांगतोय ना!"

पुन्हा फुटला.

"वही वाच की! तिसरं पान, खालून दुसरी ओळ..."

"काका," पडद्यावरून नजर न काढता आशा म्हणाली, "तुम्ही सगळं आधीच सांगून टाकता. मग मी काय करू?"

छगनलाल फिसकन हसले. पुनीतनं वही मिटली आणि तो तोंड मिटून स्टुलावर बसला. तिसऱ्यांदा बॉयलर फुटला. उत्तर जिभेवर वळवळत होतं. त्यानं ते गिळलं. चौथ्या वेळी आशानं कोळशाला हातच लावला नाही. आधी पाण्याच्या नळीकडे बघत राहिली.

मग एकेक दिवा लागत गेला. ट्राम हलली. जहाजानं जमीन सोडली. पितळी दार करकरत उघडलं आणि आशा पुढे वाकली. आत काय होतं ते पुनीतला तोंडपाठ होतं, तरी तोही वाकला.

तेवढ्यात उदेसिंगनं आपल्या पावरी बोलीत हाक मारली: सर्व्हर चालू झालाय, लवकर ये, एसटी चुकेल.

गाडीचा गेम तसाच सोडून धुडकू आला. "काय व्हतं वं त्या दारना मांगे?"

आशानं गेम पुन्हा पहिल्यापासून लावला, धुडकूला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि एक अक्षर न बोलता फॉर्म भरायला निघून गेली. मागे बॉयलर फुटला. तिनं वळून पाहिलं नाही.