न आखलेला रकाना

मित्रांनो, एखाद्या मोबाइलच्या मागे, कव्हराच्या आत चिकटपट्टीने लावलेली नखाएवढी चिप्पी तुम्ही पाहिली असेल. तीच मी. मी एक जुने सिमकार्ड आहे. माझ्यावर आता फोन लागत नाही, मला कोणी रिचार्ज मारत नाही. तरी माझी मालकीण मला फेकून देत नाही. का, तेच आज सांगते.

जन्मले तेव्हा मी चांगले ऐसपैस होते, पोस्टाच्या तिकिटाएवढे. पुढे फोन बदलले, त्यांच्यातली माझी खाच लहान होत गेली आणि दुकानदाराने मला दोनदा कातरले. माणसांना कपडे लहान होतात म्हणे. इथे कपड्यांसाठी मलाच लहान केले!

मालकीण कॉलेजसाठी पहिल्यांदा घर सोडून निघाली, तेव्हा तिच्या बाबांनी मला विकत आणले. माझे दहा आकडे त्यांनी परवचा म्हटल्यासारखे पाठ केले. बोलायला तेव्हा मिनिटामिनिटाला पैसे पडत. म्हणून बापलेकीने एक खूण ठरवली. एक रिंग देऊन कट केले की ‘सुखरूप’. दोन रिंगा म्हणजे ‘फोन कर’.

"एक रिंग फुकट असते, पोरी," बाबा म्हणाले होते, "आणि बापाची झोप महाग. विसरू नकोस."

ती विसरली नाही. तिचा निकाल, नोकरीचे बोलावणे, लग्नाची बोलणी, बिट्टीच्या जन्माची बातमी, सगळे माझ्यावरूनच गेले. तिची नोकरी एका इस्पितळाच्या तळघरात, एक्स-रे काढण्याची. तिथे जाड भिंती आणि शिशाची दारे. भल्याभल्यांचे फोन तिथे मुके होत. पण तिच्या टेबलाजवळ एक झरोका होता. त्याच्या कट्ट्यावर फोन उभा करून ठेवला की मला रेंजची एक दांडी मिळे. एकच, पण तिने कधी दांडी मारली नाही.

"ताई, तुमचं सिम लाखात एक," आयामावशी म्हणायच्या. "आमचे फोन या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच मान टाकतात."

हे कौतुक ऐकून मला बरे वाटे. मालकिणीला मात्र त्या एका दांडीची इतकी सवय झाली, की ती आहे हेच तिच्या लक्षात राहिले नाही.

बिट्टी दीड वर्षाची असताना तापात तिला आकडी आली. ते इवलेसे अंग ताठ झाले, डोळे वर गेले. दोन मिनिटांत थांबले, पण ती दोन मिनिटे मालकिणीच्या अंगातून कधी गेलीच नाहीत. डॉक्टर म्हणाले, "पुष्कळ मुलांना होतं, मोठी झाली की जाईल. फक्त ताप आला की लगेच लक्ष द्या." तेव्हापासून तिचा हात येता-जाता बिट्टीच्या कपाळावर असे. पाळणाघराच्या काकूंना तिने माझे दहा आकडे ठळक अक्षरांत लिहून दिले.

"काकू, अंग नुसतं कोमट लागलं तरी मला लावा. दहा मिनिटांत पोचते. हा नंबर कधी बंद नसतो."

मित्रांनो, इतका मोठा शब्द माझ्यावर कोणी टाकला नव्हता.

मग माझ्या कंपनीने दर वाढवले. एकदा नाही, वर्षात दोनदा. एका रविवारी दुपारी, बिट्टी झोपल्यावर, मालकिणीने कॅलेंडरचे जुने पान उलटे केले आणि पट्टी घेऊन रकाने आखले. दर, किती दिवस, रोजचा डेटा, कॉल. चार कंपन्यांचे स्वस्तातले प्लॅन तिने एकाखाली एक लिहिले. तिचा नवरा फ्रीज दुरुस्त करतो. तो चहा घेऊन शेजारी येऊन बसला.

"अगं, अठ्ठावीस दिवसांचा महिना कुठल्या कॅलेंडरात असतो?"

"मोबाइलवाल्यांच्या. त्यांच्या हिशेबाने वर्षात तेरा रिचार्ज होतात."

"म्हणजे दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच!"

ती हसली नाही. प्रत्येक प्लॅनच्या खालची मुंगीएवढी अक्षरे ती बोट ठेवून वाचत होती. "ही चांदणी बघ. चांदणी दिसली की समजायचं, खाली काहीतरी लपवलंय." तिने सगळ्या चांदण्या शोधल्या, फसवे प्लॅन खोडले. शेवटी उरला तो चौथ्या कंपनीचा, चारही रकान्यांत सरस.

मी त्याच टेबलावर, फोनच्या पोटात होते. मला ओरडावेसे वाटत होते, ‘अगं बाई, अजून एक रकाना आख! तळघरात लागतो का, असा!’ पण सिमकार्डाला स्वतःचा आवाज नसतो, ते फक्त दुसऱ्यांचे वाहून नेते. आणि तिचाही दोष कसा म्हणू? जे कधी तुटलेच नाही, त्याचा रकाना कोण आखतो?

दुकानात तिने तीनदा विचारले, "नंबर तोच राहील ना? कुणाला कळवावं लागणार नाही ना?"

"ताई, पोर्ट करणं म्हणजे लग्नात नाव न बदलता सासरी जाणं," दुकानदार म्हणाला. "नाव तेच, घर नवं. फक्त नव्वद दिवस माहेरी परतता येत नाही."

चौथ्या दिवशी सकाळी माझी सेवा थांबली. माझ्या जागी नवे सिम बसले. इतक्या वर्षांची सोबत म्हणून तिने मला कव्हराच्या आत चिकटवले. रस्त्यावर नव्या सिमला भरभरून दांड्या होत्या. ती खूश झाली. बिट्टीला पाळणाघरात सोडून ती तळघरात उतरली, नेहमीसारखा फोन झरोक्यात उभा केला आणि कामाला लागली. नव्या सिमच्या दांड्या जिन्यातच गळाल्या होत्या. त्या दिवशी रांग मोठी होती. हात सांभाळत, पाय ओढत माणसे येत होती. मधूनमधून ती लांबूनच फोनकडे पाही. वाजला नाही, म्हणजे बिट्टी बरी आहे, असे तिच्या चेहऱ्यावर दिसे.

साडेअकराच्या सुमारास आयामावशी जिना उतरून धावत आल्या. "ताई, हातातलं ठेवा. वर चला. तुमची बिट्टी आणलीय."

फोन उचलून ती धावली. दोन-दोन पायऱ्या एकदम. वरच्या खोलीत बिट्टी खाटेवर निपचित होती, पण श्वास सरळ चालला होता. काकू शेजारी उभ्या होत्या.

"अहो, किती वेळा लावला फोन! तुमच्या मिस्टरांनाही लावला, तेही उचलेनात. तुमचा लावला की ती बाई आपली एकच म्हणते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तुम्ही शिकवलं तसं कुशीवर वळवलं, आकडी थांबली, तशीच उचलून रिक्षात घातली. आणि बाहेर कसल्या! तुम्ही तर इथे माझ्या पायाखालीच होतात!"

मालकिणीने बिट्टीची मूठ आपल्या गालाशी धरली. नवरा आला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आकडे मांडत बसले, आणि आकडीचा रकानाच राहिला."

"माझा फोन अवजारांच्या पिशवीत होता," तो खाली बघत म्हणाला. "मी कोणत्या तोंडाने बोलू?"

बिट्टी दुसऱ्या दिवशी खेळायला लागली. मालकीण मात्र सावरली नाही. तिने सगळ्यांचे फोन मागून मागून झरोक्यात ठेवून पाहिले. लागत होता फक्त माझ्या जुन्या कंपनीचा, आणि नव्वद दिवस परतीची वाट बंद होती. मग तिने इस्पितळातल्या टेबलावरच्या लँडलाइनचा नंबर काकूंच्या भिंतीवर लिहिला. स्वतःचा फोन रोज तळमजल्यावर, केसपेपरच्या खिडकीत आयामावशींच्या ताब्यात द्यायला सुरुवात केली. आणि काकूंना बाबांची ती जुनी खूण शिकवली, रोज दुपारी एक वाजता द्यायची.

"अमर्याद कॉलचा प्लॅन घेतला, आणि मागवतेस काय, तर मिस कॉल!" नवरा म्हणाला. या वेळी तीही किंचित हसली.

मित्रांनो, स्वस्त शोधू नका असे मी कसे सांगू? घर चालवणाऱ्याला शोधावेच लागते. पण तुमच्या घरी कोणी असे रकाने आखायला बसले, तर तुम्ही जवळ जाऊन एवढे विचारा : ज्याला आपली गरज पडेल, त्याचा आवाज आपण असू तिथे पोचेल का? तो रकाना पहिला आखा. आणि जे मुकाट्याने रोज साथ देते, ते सोडण्यापूर्वी एकदा आठवून पाहा, ते नेमके काय काय करत होते.

नव्वदातले एकेचाळीस दिवस झाले आहेत. आत्ता दुपारचा एक वाजतो आहे. मी खिडकीत, कव्हराच्या आत आहे. खाली तळघरात एक्स-रेचे यंत्र थांबले आहे, म्हणजे ती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी असणार. एक वाजून एक मिनिट. दोन मिनिटे. आयामावशी फोनकडे टक लावून बसल्या आहेत.

आणि माझ्या पाठीला थरथर जाणवते. एकदा. आम्ही दोघेही दुसऱ्या रिंगची वाट पाहतो. ती येत नाही.

आयामावशी जिन्यात वाकून ओरडतात, "ताई, एकच रिंग!"