चौथं प्रकरण

बत्तीस वर्षं मी देवासच्या कॉलेजात अमेरिकन कादंबरी शिकवली आणि बत्तीस वर्षं एकच पाढा म्हटला: निसर्गवादी कादंबरीतला माणूस स्वतः काही ठरवत नाही. रक्त ठरवतं, परिस्थिती ठरवते. समीक्षकांमध्ये यावर दोन तट आहेत; दुसरा म्हणतो, निवड शेवटी माणसाचीच असते. दुसऱ्या तटाला मी वर्गाच्या दाराशीही उभं केलं नाही.

शिखा ही माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. वडिलांचं शिलाईचं दुकान. पोरगी जिद्दीची, तोंडाने फटकळ. चौथ्या प्रकरणात तिने नेमकी त्या दुसऱ्या तटाची बाजू घेतली. या कादंबऱ्यांतला सर्वनाशाकडे निघालेला माणूस बुडण्याआधी पानभर दारात घुटमळतो, त्या पानावर त्याला कुणीच ढकलत नसतं, असं तिने उताऱ्यांनिशी दाखवलं होतं. वाचून माझं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो.

आमच्याही दारात एकदा मनन उभा होता. माझा मुलगा. त्याचे आजोबा दारूने गेले, काका दारूने गेले. एका सकाळी तो आपणहून म्हणाला, "बाबा, मला इंदूरला व्यसनमुक्ती केंद्रात भर्ती करून द्या. आज मन आहे, उद्याचं माहीत नाही."

मी पेपर तपासत होतो. म्हटलं, "आपल्या रक्तातच आहे रे ते. काय फरक पडणार?"

दीड वर्षात तो गेला. प्रमोदिनीलाही मी हेच शास्त्र ऐकवलं. तेव्हापासून बायको माझ्याशी कामापुरतं बोलते.

शिखाला मी सांगितलं, "हे प्रकरण काढ, तरच सही मिळेल."

"सर, पुस्तकातूनच दाखवलंय मी. गलत क्या है?"

"सही हवी की वाद?"

ती प्रबंध उचलून निघून गेली. आठ दिवसांनी प्रबंध घेऊन घरी आली. चौथं प्रकरण नवं होतं, घाईत लिहिलेलं, शब्दन् शब्द माझ्या मताचं.

"जुनं हटवून दिलं सर. नोकरीच्या फॉर्मची परसों लास्ट डेट आहे. परिस्थितीच अशी, माझ्या हातात काय होतं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. 'जुनं आण, तूच बरोबर होतीस', एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. स्वयंपाकघराच्या दारात प्रमोदिनी माझ्याकडे बघत उभी होती.

मी पेन उघडलं आणि सही केली. मला कुणीही ढकललं नव्हतं.