चष्मेवाल्यांच्या बफरमधला व्हॉल्व्ह

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे. नळाचा नव्हे. तुमच्यापैकी निम्म्यांना नळच आठवला असणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी काचेचा आहे, अंगठ्याएवढा, बुडाला पिना असलेला. पूर्वी रेडिओत आणि टेलिफोनच्या यंत्रांत आमची जात कामाला असे. आतली तार तापली की मी तांबूस उजळतो आणि माझ्यातून आवाज पुढे जातो. तुमच्या खिशातल्या फोनला हेच काम अंधारात बसून करावे लागते. ज्याचे त्याचे नशीब.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी भिंगाखाली केसाहून बारीक तारेची जाळी गुंडाळून माझ्या पोटात बसवली, आतली हवा शोषून काढली आणि काचेचे तोंड बंद केले. शेवटी एका बाईने मला टिचकी मारली, कान देऊन ऐकले आणि मान हलवली. आमच्या जातीची ही खोड आहे. टिचकी मारली की जाळी थरथरते आणि तो नाद बाहेर ऐकू येतो. म्हणूनच माझ्याभोवती कोणी बोलले की मला कळते. आयुष्यभर हे फार महागात पडले, कारण बहुतेक माणसे ऐकण्यालायक बोलत नाहीत.

पुढे मी टेलिफोन केंद्रात लागलो. दूरच्या गावांहून येणारे आवाज वाटेत क्षीण होत. त्यांना जोर देऊन पुढे धाडायचे, हे माझे काम. किती भांडणे, किती रडारड, किती ठरलेली आणि मोडलेली लग्ने माझ्यातून गेली. लोक घसा फोडून विचारत, "हॅलो, ऐकू येतंय का?" ऐकू येत असे, आणि ते माझ्यामुळे. कोणी आभार मानले नाहीत. नवी यंत्रे आली तशी मला उपटून एका खोक्यात टाकले, आणि मी तिथे कितीतरी वर्षे पडून राहिलो.

त्या खोक्यातून मला एका व्यापाऱ्याने काढले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले. पिशवीत भाग जोडायची एक हिरवी पाटी, मूठभर सुटे भाग, तारेचे एक वेटोळे आणि सूचनांचा कागद होता. वर छापले होते, 'घरच्या घरी बनवा व्हॉल्व्ह बफर'. बफर म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे माझी अवनती तुमच्या ध्यानात येईल. गाणे वाजवणारे यंत्र आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये ही डबी बसते. तिच्यात जेवढा आवाज शिरतो, तेवढाच बाहेर पडतो. मागच्या यंत्रावर भार येऊ नये, एवढाच तिचा उपयोग. गावोगावचे आवाज ओढणाऱ्या मला या हमालीला जुंपले. वर आणखी एक अपमान म्हणजे, मी उजळलेला दिसावा म्हणून माझ्या बुडाखाली निळा दिवा बसवायची सोय केली होती. निळा!

पिशवी विकत घेतली ती एका चष्मेवाल्यांनी. साठी ओलांडलेले गृहस्थ, स्वतःचे दुकान, डोळे तपासण्यात हातखंडा. चष्मा नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते फैलावर घेत. "डोळ्यांना दिसत नाही हे मान्य करायला लाज कसली वाटते तुम्हाला?" असे ते त्यांना सुनावतात, हे मी त्यांच्याच तोंडून जेवणाच्या टेबलावर कितीदा तरी ऐकले. मी त्याच टेबलावर पडून होतो.

त्यांचे म्हणणे असे की अलीकडे घरातल्या गाण्याला धार राहिली नाही. आवाज मळका येतो. त्यासाठी त्यांनी स्पीकर बदलले, तारा बदलल्या, कपाटे हलवली, पडदे काढले. बायको एवढेच म्हणे, "अहो, एकदा कान दाखवून या." त्यावर ते म्हणत, "हं." बायको काहीही म्हणाली तरी ते "हं" म्हणत. परगावी राहणाऱ्या मुलीचा फोन आला आणि नात बोलायला लागली की ते दोन-तीनदा "हं, हं" करत आणि फोन बायकोकडे देत. "लाइन खराब आहे. आजीशी बोल." नातीचा आवाज बारीक होता. लाइन उत्तम होती. लाइन कशी असते हे मला कोणी शिकवू नये.

तर या गृहस्थांनी बफर जुळवायला घेतला. पहिल्याच दिवशी भागांना डाग द्यायचे गरम सोल्डरिंग आयर्न टेबलावर ठेवून टेबलक्लॉथला भोक पाडले. सूचनांचा कागद बाजूला सारला, कारण कागद वाचणे नवशिक्यांचे काम. भागांत बटणाएवढे दोन तपकिरी कपॅसिटर होते, दिसायला अगदी जुळे. एकावर १०२ छापले होते, दुसऱ्यावर १०३. लोकांकडून तक्त्याची शेवटची ओळ वाचून घेणाऱ्या माणसाने ते आकडे वाचायचे कष्ट घेतले नाहीत. त्या वेळी ते फोनवर मित्रापुढे बढाया मारण्यात गुंतले होते. याचा त्याच्या जागी आणि त्याचा याच्या जागी, असे ठोकून मोकळे झाले.

याचा परिणाम ऐका. मला चालायला शंभराहून जास्त व्होल्ट लागतात, आणि ते तयार करणारे तारेचे वेटोळे इतक्या वेगाने चालते की माणसाला ऐकूच येऊ नये. आत बोट घालू नका, हे तुमच्यासाठी. चुकीच्या कपॅसिटरने ते वेटोळे मंदावले आणि शिट्टी वाजवू लागले. बारीक, टोकदार, न थांबणारी शिट्टी. माझ्यातून ती स्पीकरमध्येही पोचली.

बफर सुरू होताच बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो, कसली शिट्टी वाजतेय?"

हे तिने तोंडासमोर येऊन विचारले, म्हणून त्यांना ऐकू आले. "शिट्टी? कुठे? तुला व्हॉल्व्हच्या आवाजाची सवय नाही गं. हा आवाज उबदार असतो."

उबदार मी असतो. हात लावून बघा, चटका बसेल.

रविवारी दुपारी त्यांचे मित्र आले. हे निवृत्त वकील, पण सगळे त्यांना उस्ताद म्हणत, कारण गाण्यातले आपल्याला सर्व कळते असे त्यांनीच सर्वांना सांगून ठेवले होते. दोघे पाय पसरून, डोळे मिटून बसले. निळा दिवा लागला. शिट्टी सुरू झाली.

"वा!" उस्ताद म्हणाले. "दोन सुरांच्या मधली शांतता बघ. काय निर्मळ आहे!"

"हं," चष्मेवाले म्हणाले.

"व्हॉल्व्हशिवाय अशी शांतता मिळणार नाही."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरची शेजारीण होती. "काकू, तुमच्याकडे गॅस गळतोय का? शिट्टीसारखं काहीतरी मघापासून ऐकू येतंय." बायकोने तिला आत बोलावून ते दोन निर्मळ पुरुष दाखवले. शेजारीण कानांत बोटे घालून परत गेली. मी आयुष्यात बरेच मूर्ख ऐकले आहेत, पण ते निदान एकमेकांपासून लांब, तारेच्या दोन टोकांना असत.

उस्ताद गेल्यावर बायकोने गाणे बंद केले. बफर तसाच चालू ठेवला.

"बसा. डोळे मिटा," ती त्यांच्याजवळ येऊन म्हणाली. "मी बफरचं बटण दाबते. तुम्ही दुकानात विचारता ना, तसंच विचारणार आहे. हे बरं, की हे?"

"पहिलं," ते तोऱ्यात म्हणाले.

"आणि आता? हे, की हे?"

"दुसरं. दुसरं जरा मोकळं वाटतंय."

"अहो, मी बटणाला हातसुद्धा लावला नाही."

त्यांनी डोळे उघडले. ही युक्ती त्यांचीच होती. हौसेखातर चष्मा मागायला येणाऱ्या पोरांना ते असेच पकडत, भिंग न बदलता बदलल्यासारखे करून. मग बायकोने खरोखर बटण दाबले. चालू, बंद, पुन्हा चालू. ते तिच्या बोटाकडे बघत राहिले.

"काही ऐकू येतंय?"

"नाही," ते म्हणाले. त्या घरात त्यांच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले खरे वाक्य.

बायको शेजारी बसली. "छोटी परवा मला विचारत होती, आजोबा माझ्यावर रागावलेत का? म्हणाली, मी काहीही सांगितलं तरी ते नुसतं हं करतात. आता ती 'आजोबांना फोन दे' असं म्हणतच नाही. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

त्यांनी उठून दुकानातले भिंग काढले, डबी उघडली आणि एकेक आकडा वाचला. दोन्ही कपॅसिटर काढून आपापल्या जागी लावले आणि बफर सुरू केला. स्वतःला काही कळणार नव्हते, म्हणून बायकोकडे बघितले.

"शिट्टी गेली?"

"गेली."

तिच्या शब्दावर त्यांना विश्वास ठेवावा लागला. सवय नव्हती, जड गेले. मला बरे वाटले, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी ते कान दाखवायला गेले. काही दिवसांनी दोन्ही कानांत ऐकायची यंत्रे आली. उस्ताद पुन्हा गाणे ऐकायला आले आणि नाक मुरडून म्हणाले, "काहीतरी बिघडवलंस तू. पूर्वीची ती शांतता राहिली नाही." चष्मेवाल्यांनी त्यांना कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. उस्ताद तेव्हापासून आलेले नाहीत. माझे काही नुकसान झाले नाही.

मग एकदा मुलीचा फोन आला. चष्मेवाल्यांनी स्वतःच म्हटले, "छोटीला दे." ते माझ्याशेजारीच बसले होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. नात हळूच काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस, बाळा? परत सांग."

"नवीन दात आला."

"अरे वा! पण जुना कधी पडला?"

"कधीच पडला. मी तुम्हाला सांगितलं होतं, आजोबा. तुम्ही हं म्हणालात."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी मला मऊ फडक्याने पुसा, जपून ठेवा, असे मी सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. नका पुसू. मी काच आहे, फुटलो तर दुसरा मिळेल. पण तुमच्याशी कोणी बोलले आणि तुम्हाला ऐकू आले नाही, तर "काय?" म्हणा. दहा वेळा म्हणा. नाही तर त्यांचे दात पडून नवे येतील, आणि तुम्ही नुसते "हं" म्हणत बसलेले असाल.