चाकांची टेबलं

अकरा माणसं आणि सात टेबलं, हे गणित ऐकल्यापासून अनिरुद्धरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. पंप विकणाऱ्या कंपनीच्या या तंजावरच्या कचेरीत एकोणीस वर्षं ते एकाच खुर्चीत बसले होते. आता मद्रासच्या साहेबांचं फर्मान निघालं होतं: निम्म्यांनी आळीपाळीने विक्रीसाठी पापनाशम, ओरत्तनाडू अशा आसपासच्या गावांत फिरायचं आणि परतल्यावर मोकळं दिसेल त्या टेबलावर बसायचं.

आज टेबलांची नवी मांडणी ठरवायला आलेली कीर्तना नावाची मुलगी टेप घेऊन मापं काढत होती. ती सगळ्यांशी तमिळच बोलत होती. म्हणून रावांनी शेजारच्या टेबलावरच्या, मराठी घरातल्या अखिलाला बिनधास्त घरच्या मराठीत सुनावलं, "खुर्च्या कमी म्हणजे माणसं कमी! हिच्या गोड बोलण्याला भुलू नकोस. मी उद्याच साखळी आणून माझी खुर्ची टेबलाला बांधतो."

कीर्तनाने शांतपणे टेप गुंडाळला, वही मिटली आणि दारातून वळून अस्सल तंजावरी मराठीत म्हणाली, "राव, साखळी भिंतीला बांधा हो. टेबलांनाही चाकं लावणार आहोत."